ओएस खरोखर शिकायचीय: पुस्तक, एक्सव्ही६ आणि आपलं घरचं लिनक्स

निवडुंग

मंडळी, धागा काढण्याआधी शोधून पाहिलं. जुने धागे सापडले, पण ते सगळे 'उबुंटू चांगलं की विंडोज' या वळणावर जाऊन संपलेत. म्हणून नवा काढतोय.

मी हिंजवडीत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, जावात. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) हा विषय कॉलेजात असा आलाच नाही. सध्या ते मुखपृष्ठावर डायनासोर असलेलं जाडजूड पुस्तक वाचतोय. वाचताना सगळं पटतं. पेजिंग पटलं, सेमाफोर पटला, डेडलॉकच्या (एकमेकांची वाट पाहत कायमचं अडकण्याच्या) चार अटीही पाठ झाल्या. पण परवा ऑफिसात सर्व्हरवरची एक प्रोसेस 'मेमरी संपली' म्हणून कर्नलने, म्हणजे ओएसच्या गाभ्याने, मारून टाकली. मला पडलेला प्रश्न साधा होता: मेमरी नव्हती, तर त्या प्रोसेसने मागितली तेव्हाच 'नाही' का म्हटलं नाही? आधी दिली आणि नंतर मारलं, हा कुठला न्याय? पुस्तकातल्या ज्या प्रकरणात याचं उत्तर असायला हवं ते मी अधोरेखित करून वाचलंय, तरी उत्तर देता येईना.

तर विचारायचंय ते असं. थिअरी आधी पूर्ण करून मग हात घालावा, की उलट? एक्सव्ही६, मिनिक्स, पिंटॉस अशी शिकण्यासाठीच्या छोट्या ओएसची नावं वाचली, त्यातलं कुठलं घ्यावं? की थेट स्वतःची ओएस लिहायला बसावं? सी भाषा जेमतेम येते, पॉइंटरशी मैत्री नाही पण तोंडओळख आहे. वेळ रात्री जेवणानंतरचा.

कर्नलकाका

प्रश्न आवडला. विशेषतः 'हा कुठला न्याय'.

पुस्तक बंद करू नका, पण सध्या पुढेही जाऊ नका. जे वाचलंय तेच आपल्या मशिनवर दिसतंय का ते आधी पाहा. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे असं धरतो.

एक छोटा सी प्रोग्राम लिहा. मॅलॉकने (मेमरी मागायचं सी चं फंक्शन) १ जीबी मागायचे आणि एंटर दाबेपर्यंत थांबायचं. मग त्या जागेत दर ४०९६ बाइटांवर एकेक बाइट लिहीत जायचं, आणि पुन्हा एंटरसाठी थांबायचं. शेजारच्या टर्मिनलमध्ये 'टॉप' उघडून ठेवा आणि 'व्हर्ट' (आभासी मेमरी) व 'रेस' (खरी मेमरी) या दोन रकान्यांकडे बघत बसा. त्यानंतर तोच प्रोग्राम 'टाइम' कमांडला सविस्तर अहवालाचा पर्याय देऊन चालवा (शेलमधली अंगभूत 'टाइम' नव्हे, यूएसआर-बिनमधली) आणि 'मायनर पेज फॉल्ट' (पानासाठी कर्नलला मध्ये पडावं लागण्याच्या वेळा) किती झाले ते इथे येऊन सांगा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम देत नाही, ते त्या रकान्यांत आहे.

पुस्तकाबद्दल: डायनासोर संदर्भाला उत्तम आहे, पण एकट्याने शिकायला मला तो जड वाटतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रेम्झी आणि आंद्रेआ आर्पाची-ड्यूसो या जोडप्याचं ओएसवरचं पुस्तक नेटवर फुकट आहे. आभासीकरण, समवर्तीपणा आणि टिकाऊ साठवण असे तीनच मोठे भाग, प्रकरणं छोटी, आणि बहुतेकांच्या शेवटी हाताने करायचं काहीतरी. रात्री जेवणानंतर एक प्रकरण पेलतं.

उनाड_पोर

वाचनखूण साठवली!

मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. आमच्याकडे ओएस म्हणजे गँट चार्ट (कुठली प्रोसेस कधी चालली त्याचा तक्ता). पी१ चा बर्स्ट टाइम (लागणारा सीपीयू वेळ) ५, पी२ चा ३, आता सरासरी वेटिंग टाइम काढा. प्रॅक्टिकलला तेच सी मध्ये, सबमिशनला त्याचीच प्रिंट. ओरलला एक्स्टर्नल ठरलेलं विचारतात: 'तीन फोर्क एकाखाली एक लिहिले तर एकूण प्रोसेस किती?' उत्तर आठ, कारण प्रत्येक फोर्क चालू प्रोसेसची आणखी एक प्रत काढतो. आठ म्हटलं की पुढचा रोल नंबर.

माझा प्रश्न: खऱ्या ओएसला बर्स्ट टाइम आधीच कळतो कुठून?

सातपुडा

@उनाड_पोर, कळत नाही. हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मला बरं वाटतं, आणि तो फारसा विचारला जात नाही हे खरं आहे. मी स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

सर्वांत छोटं काम आधी करा, हा नियम सरासरी थांबण्याचा वेळ सर्वांत कमी ठेवतो हे सिद्ध करता येतं. म्हणजे ती एक आदर्श रेषा झाली. भविष्य माहीत नसताना त्या रेषेच्या जवळ कसं जायचं, हा खरा प्रश्न. त्याचं पहिलं चांगलं उत्तर एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर १९६२ साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने दिलं: अनेक रांगा ठेवा, नवीन कामाला वरच्या रांगेत बसवा, जे वेळ खात राहील त्याला खाली ढकला. म्हणजे मागच्या वागण्यावरून पुढचा अंदाज. पुस्तकात हे 'मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू' या मथळ्याखाली येतं आणि आपण ते पाच मार्कांची टीप म्हणून वाचतो. गँट चार्ट सोडवायला लावण्यात चूक नाही. चूक तिथेच थांबण्यात आहे.

आणि तुमच्या त्या फोर्कवाल्या ओरलमध्ये थोडी जान आणायची असेल तर हे करून बघा. प्रिंटएफने 'नमस्कार' छापा, शेवटी नवी ओळ द्या, आणि त्यानंतर एकदाच फोर्क करा. स्क्रीनवर एक नमस्कार दिसेल. आता तोच प्रोग्राम आउटपुट फाइलमध्ये वळवून चालवा आणि फाइल उघडा.

उनाड_पोर

सर, फाइलमध्ये दोन नमस्कार आलेत!! कोड एका अक्षरानेही बदलला नाही. हे काय प्रकरण आहे?

सातपुडा

प्रिंटएफ थेट कर्नलला काही देत नाही, आधी प्रोसेसच्या स्वतःच्या बफरमध्ये लिहितं. समोर टर्मिनल असेल तर नवी ओळ आली की बफर रिकामा होतो. समोर फाइल असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोसेस संपेपर्यंत तो तसाच राहतो. तुझा फोर्क झाला तेव्हा नमस्कार अजून बफरमध्येच होता. फोर्कने अख्खी मेमरी दुसऱ्या प्रोसेसला दिली, बफरसकट. दोघी संपल्या, दोघींनी आपापला बफर रिकामा केला.

आता त्याच प्रोग्रामला एसट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावून राइट हा सिस्टम कॉल नेमका कधी आणि कितीदा होतो ते बघ. लायब्ररी आणि कर्नल यांच्यातली सीमा कुठे आहे ते यातून जितकं कळतं तितकं वर्तुळं काढलेल्या आकृतीतून कळत नाही.

शंकासूर

थोडा वेगळा सूर लावतो. एक्सव्ही६ वगैरे खेळणी आहेत. नोकरीत कुणी विचारत नाही. शिकायचं तर सरळ लिनक्सचा कर्नल वाचा, नाहीतर बूटलोडरपासून स्वतःची ओएस लिहा. बूट सेक्टरचे ५१२ बाइट आपल्या हातचे, स्क्रीनवर आपलं नाव उमटलं की जी मजा येते ती दुसऱ्याचा कोड वाचून येत नाही.

तिरपागडी

@शंकासूर, मजेबद्दल वाद नाही. पण त्या मार्गाने गेलेले बहुतेक जण कुठे अडकतात ते पाहिलंय. ५१२ बाइट, मग ८०८६ च्या काळातला रिअल मोड, मग ए-ट्वेंटीची तार चालू करा, मग डिस्क्रिप्टर टेबल, मग प्रोटेक्टेड मोड, मग लाँग मोड. एवढं झाल्यावर जे शिकायला मिळतं तो इंटेलचा इतिहास असतो. प्रोसेस, पेज फॉल्ट, फाइल सिस्टिम अजून क्षितिजावरही नसतात, आणि उत्साह तिथेच संपतो.

लिनक्सचा कोड काही कोटी ओळींचा आहे. त्यात फोर्क कसा होतो हे शोधायला गेलात तर सीग्रुप, नेमस्पेस, ऑडिट, ट्रेसिंग या सगळ्यांतून वाट काढावी लागते. ते सगळं गरजेचं आहे, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला त्यातून कणा दिसत नाही.

एक्सव्ही६ एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठीच लिहिलं गेलं. मूळ प्रेरणा १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची. आधी ते इंटेलच्या प्रोसेसरवर चालायचं, २०१९ पासून रिस्क-फाइव्हवर आहे, आणि हा बदल शिकणाऱ्याच्या फायद्याचा झाला, कारण वर सांगितलेला तो ऐतिहासिक कचरा गेला. कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे. म्हणजे अख्खा वाचून होतो. दिवसा नोकरी करणाऱ्या माणसाचाही. आणि तो खेळण्यातला असला तरी खोटा नाही: अनेक कोअरवर चालतो, लॉक खरे आहेत, क्रॅश झाल्यावर सावरणारी लॉग असलेली फाइल सिस्टिम आहे.

अवांतर: कर्नलचा कोड वाचून शिकायची पद्धतही जुनीच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात सहाव्या आवृत्तीचा पूर्ण कोड आणि त्यावरचं भाष्य विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवण्यावरच बंदी आणली. मग लोक लायन्सच्या प्रतींच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत राहिले, ते पुस्तक उघडपणे छापून यायला १९९६ उजाडलं. त्याच बंदीमुळे अॅम्स्टरडॅममध्ये टॅनेनबाउम यांनी १९८७ साली मिनिक्स लिहिलं, आणि मिनिक्स वापरणाऱ्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं ते सर्वांना माहीत आहे. एका परवान्याच्या अटीतून केवढं रामायण!

शंकासूर

झेरॉक्सचा इतिहास माहीत नव्हता, धन्यवाद. खेळण्याबद्दलचं मत अर्धं मागे घेतो. अर्धंच.

निवडुंग

काका, प्रयोग केला. आधी निकाल.

१ जीबी मागितल्यावर 'व्हर्ट' लगेच १ जीबीने वाढला, 'रेस' जागचा हलला नाही. लिहायला लागल्यावर 'रेस' चढत गेला. म्हणजे मॅलॉकने दिलं ते फक्त पत्त्यांचं वचन, खरी पानं हात लावल्यावर. तेव्हा सर्व्हरचंही कळलं: मागताना कर्नल 'हो' म्हणाला, कारण मागणारे सगळेच सगळं वापरत नाहीत असा त्याचा हिशेब. सगळ्यांनी खरोखर हात लावला तेव्हा पानंच उरली नाहीत, आणि पानाला हात लावताना 'नाही' म्हणायला जागाच नसते, कारण तिथे फंक्शन नसतं, साधी एक स्टोअर सूचना असते. मग कुणालातरी मारणं एवढाच मार्ग राहतो. बरोबर?

आता गोंधळ. १ जीबी भागिले ४ केबी म्हणजे २,६२,१४४ पानं. मला तेवढे पेज फॉल्ट अपेक्षित होते. अहवालात सहाशेच्या आसपासच दिसतायत! कुठे गेले बाकीचे?

कर्नलकाका

उत्तर बरोबर, आणि 'तिथे फंक्शन नसतं' हे तर नेमकं. ओव्हरकमिटचं (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करण्याचं) धोरण बदलता येतं: शून्य म्हणजे अंदाजाने, १ म्हणजे डोळे मिटून हो, २ म्हणजे काटेकोर हिशेब. २ लावून तोच प्रोग्राम मोठी मागणी घेऊन चालवा, मॅलॉक शून्य पॉइंटर परत देताना दिसेल. ऑफिसच्या सर्व्हरवर नको, घरी.

गोंधळाबद्दल: १ जीबी भागिले २ एमबी किती?

निवडुंग

५१२!

म्हणजे कर्नल मला ४ केबीऐवजी २ एमबीची पानं देतोय?

कर्नलकाका

होय. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस. सिसफाइलसिस्टिममध्ये त्याची सेटिंग आहे: ऑलवेज, एमअॅडव्हाइज किंवा नेव्हर. वितरणागणिक मूळ सेटिंग वेगळी असते, तुमच्याकडे ऑलवेज असणार. नेव्हर करून पुन्हा चालवा, दोन लाख बासष्ट हजार आणि वरचे काही दिसतील. वेळही मोजा, फरक डोळ्यांत भरेल.

पुस्तकात पेजच्या आकारावर एक परिच्छेद असतो: मोठं पान घेतलं की टेबल छोटं, टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठा) जास्त भूभाग झाकतं, पण आतली नासाडी वाढते. आता तो परिच्छेद परत वाचा. मी सुरुवातीला 'पुढे जाऊ नका' म्हटलं ते याच्यासाठी. पुस्तकातलं वाक्य तेच राहतं, पण आकडा अनपेक्षित आला की ते वाक्य आपणहून शोधलं जातं. मला तर उलटंही वाटतं: थिअरी न वाचता हा प्रयोग करणाऱ्याला सहाशे हा आकडा खटकलाच नसता. तुम्हाला खटकला, कारण भागाकार आधी डोक्यात होता.

उनाड_पोर

काका मलाही एक प्रयोग द्या ना. शेड्युलिंगचा. गँट चार्टवर सूड उगवायचाय 😄

कर्नलकाका

अनंत लूपचा दोन ओळींचा प्रोग्राम. त्याच्या दोन प्रती टास्कसेटने एकाच कोअरवर बांध. एकीचा नाइस (आकडा मोठा तितकं प्राधान्य कमी) ०, दुसरीचा ५. टॉपमध्ये दोघींना किती टक्के सीपीयू मिळतो ते सांग. चालवण्याआधी आकडा काढून ठेव: लिनक्समध्ये नाइस ० चं वजन १०२४ आणि ५ चं ३३५.

उनाड_पोर

१०२४ भागिले १३५९ म्हणजे ७५ टक्के, उरलेले २५. पण मला ५०-५० येतंय. नाइसचा रकाना बरोबर ५ दाखवतोय. कोअरही एकच आहे, तपासलं. लिनक्स खोटं बोलतंय की वजनं?

शंकासूर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तिरपागडी

दोन प्रती दोन वेगवेगळ्या टर्मिनल खिडक्यांतून चालवल्यास का?

उनाड_पोर

हो. का?

तिरपागडी

दोन्ही एकाच टर्मिनलमधून मागे सोडून बघ.

उनाड_पोर

७५-२५!!! ही कसली जादू?

तिरपागडी

ऑटोग्रुप. डेस्कटॉपवर कुणी एका खिडकीत मोठं कंपायलेशन लावलं तरी बाकीचं अडखळू नये म्हणून कर्नल प्रत्येक सत्राचा एक गट करतो आणि सीपीयू आधी गटांत वाटतो. नाइस फक्त गटाच्या आत चालतो. तुझ्या दोन खिडक्या म्हणजे दोन गट, प्रत्येकात एकच भुकेली प्रोसेस, म्हणून निम्मं-निम्मं.

@शंकासूर, 'थेट लिनक्सवर शिका' यातली अडचण ही अशी. प्रयोग साधा, उत्तर खरं, पण पुस्तकातलं तत्त्व दिसायच्या आधी तीन थर आडवे येतात. आणि थेट लिनक्सवर शिकण्याचा फायदाही हाच. दोन्ही हवं.

थिअरीला नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. लिनक्समध्ये २००७ पासून सीएफएस हा शेड्युलर होता, २.६.२३ पासून. २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आला. ती कल्पना १९९० च्या दशकातल्या एका शोधनिबंधातली आहे. पंचवीसेक वर्षं कागदावर पडून होती.

सातपुडा

आता जरा बँकर्स अल्गोरिदमबद्दल बोलतो, कारण कुणीतरी काढणारच होतं. होय, रोजच्या वापरातला कुठलाही कर्नल त्यावर डेडलॉक टाळत नाही. प्रत्येक प्रोसेसला जास्तीत जास्त किती लागेल हे आधी कोण सांगणार? तरी डायक्स्ट्रांची ती मांडणी शिकवण्यासारखी आहे, कारण 'सुरक्षित स्थिती' म्हणजे काय हे तिच्यातून कळतं. पण मुलं मॅट्रिक्स सोडवतात आणि डेडलॉक मात्र एकदाही पाहत नाहीत.

मी अलीकडे प्रॅक्टिकलला आधी डेडलॉक घडवायला लावतो. दोन थ्रेड, दोन म्युटेक्स म्हणजे कुलपं, एक अ मग ब घेतो, दुसरा ब मग अ. मध्ये थोडी झोप. प्रोग्राम गोठला की जीडीबी (डीबगर) जोडायचं आणि दोन्ही थ्रेड कुठल्या ओळीवर उभे आहेत ते वाचायचं. चार अटी त्या दोन ओळींत बोट ठेवून दाखवता येतात. मग दोघांनाही अ-ब याच क्रमाने कुलपं घ्यायला लावायची, की वर्तुळाची अट मोडली. कर्नलमध्येही हीच शिस्त असते, आणि लिनक्समध्ये लॉकडेप नावाची सोय तो क्रम मोडणाऱ्यावर नजर ठेवते.

अडचण एवढीच की याला जर्नलमध्ये लिहायला काही नसतं. एक्स्टर्नलला आउटपुटची प्रिंट लागते, आणि गोठलेल्या प्रोग्रामची प्रिंट कशी काढणार?

तिरपागडी

सर, दंडवत.

याला जोडून: मी इथे स्टुटगार्टला गाडीच्या कंट्रोलरवर काम करते. आमच्याकडे नव्या माणसाला प्रायॉरिटी इन्व्हर्जन समजवायला १९९७ चा मार्स पाथफाइंडर लागतोच. यान मंगळावर उतरलं आणि मधूनमधून आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या टास्ककडे एक म्युटेक्स होता. माहितीच्या बसचं काम पाहणारा फार महत्त्वाचा टास्क त्याच म्युटेक्ससाठी थांबलेला. मध्येच मध्यम महत्त्वाची कामं आली, त्यांनी खालच्याला चालूच दिलं नाही, म्हणून वरचाही अडकला, आणि वॉचडॉगने 'काहीतरी बिघडलंय' म्हणून सगळं रीसेट केलं. यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ओएसमध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्सची (थांबलेल्याचं प्राधान्य कुलूप धरणाऱ्याला तात्पुरतं देण्याची) सोय होती, त्या म्युटेक्ससाठी ती फक्त बंद होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच घोळ घडवून, ट्रेस वाचून कारण शोधलं आणि मंगळावर दुरुस्ती पाठवली. थिअरी १९८० च्या दशकापासून माहीत होती, सोयही होती. शोधायला मात्र ट्रेस लागला.

निवडुंग

धागा वर काढतोय. मधल्या काळात एक्सव्ही६ सुरू केलं. आयआयटी मुंबईच्या मैथिली वुटुकुरू यांची ओएसवरची व्याख्यानं नेटवर आहेत, ती सोबत ऐकली. त्यातलं एक्सव्ही६ जुनं, इंटेलवालं आहे, पण प्रोसेस आणि कॉन्टेक्स्ट स्विच समजायला त्याने काही बिघडलं नाही, उलट दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहता आले.

सगळ्यांत जास्त वेळ ट्रॅपवर, म्हणजे युजर प्रोग्राममधून कर्नलमध्ये शिरण्यावर, गेला. ईकॉल सूचना होते, हार्डवेअर फारच थोडं करतं: कुठून आलो ते एसईपीसीत, का आलो ते एसकॉजमध्ये, आणि एसटीव्हेकमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर उडी. रजिस्टर वाचवणंसुद्धा आपलं काम, आणि ते करताना वापरायला एकही रजिस्टर मोकळं नाही! पेज टेबलही अजून युजरचंच असतं. म्हणून ट्रॅम्पोलिनचं (शिरण्या-परतण्याच्या कोडचं) पान दोन्ही पेज टेबलांत एकाच पत्त्यावर ठेवलंय, नाहीतर टेबल बदलल्याक्षणी पायाखालची सूचनाच नाहीशी होईल. हे कळलं त्या रात्री झोप उशिरा लागली.

आता कॉपी-ऑन-राइटचा स्वाध्याय करतोय. मूळ फोर्क अख्खी मेमरी कॉपी करतो. तो बदलून पानं दोघांत वाटली, दोन्हीकडे लिहिण्याची परवानगी काढली, पेज टेबलच्या नोंदीत सॉफ्टवेअरसाठी मोकळ्या ठेवलेल्या बिटांपैकी एकावर खूण केली. एसकॉज १५ (लिहिताना झालेला पेज फॉल्ट) आला की नवं पान घेऊन कॉपी. 'सिंपल' चाचणी पास, 'थ्री' पास, 'फाइल' नापास. त्या चाचणीत पाइपमधून वाचणं आहे, एवढंच वेगळं दिसतंय. फॉल्ट हँडलरमध्ये छापून पाहिलं, त्या वेळी फॉल्ट येतच नाही.

कर्नलकाका

'फॉल्ट येतच नाही' हेच उत्तर आहे. पाइपमधलं वाचून तुमच्या बफरमध्ये कोण लिहितं?

निवडुंग

रीड हा सिस्टम कॉल. म्हणजे कर्नल. कॉपीआउटमधून.

थांबा.

कॉपीआउट युजरचं पेज टेबल सॉफ्टवेअरने चालत जाऊन भौतिक पत्ता काढतो आणि कर्नलच्या स्वतःच्या नकाशातून लिहितो. कर्नलच्या नकाशात ते पान लिहिण्यायोग्यच आहे. हार्डवेअरच्या लेखी काही गैर घडतच नाही!

कर्नलकाका

बरोबर. परवानगीचं बिट हार्डवेअर तपासतं ते ज्या टेबलातून पत्ता गेला त्याच टेबलातलं. म्हणून कॉपीआउटमध्ये ती खूण स्वतः तपासायची आणि फॉल्ट हँडलरमध्ये जे करता तेच तिथे करायचं. दोन्हीकडून बोलवता येईल असं एक फंक्शन काढा.

उनाड_पोर

मीही तोच स्वाध्याय करतोय, माझं तर बूटच होत नाहीये. प्रत्येक पानाची संदर्भसंख्या ठेवली, पान मोकळं करणाऱ्या केफ्री मध्ये ती एकने कमी करतो, शून्य झाली की पान मोकळं. सुरू होतानाच पॅनिक.

तिरपागडी

सुरुवातीला मोकळ्या पानांची यादी कशी तयार होते ते बघ. केइनिट प्रत्येक पानावर केफ्री बोलावतो. तुझी संख्या शून्यापासून एक कमी होऊन उणे १ होते आणि तुझी स्वतःचीच तपासणी पॅनिक करते. केफ्री बोलावण्याआधी प्रत्येक पानाची संख्या १ कर. आणि ती कमी करून शून्य आहे का हे पाहणं एकाच लॉकच्या आत ठेव, दोन वेगळ्या पायऱ्यांत नको. एका कोअरवर चालेल, तीनवर कधीतरीच फुटेल, आणि 'कधीतरीच' शोधणं सर्वांत त्रासाचं.

शंकासूर

मी गुपचूप क्वेमू (एक्सव्ही६ चालवायचा एमुलेटर) बसवलंय. एक बाळबोध प्रश्न: पेज टेबलची नोंद बदलल्यावर टीएलबी साफ करायला हवं असं पुस्तक म्हणतं. एक्सव्ही६ च्या फॉल्ट हँडलरमध्ये लोक ते करताना दिसत नाहीत, तरी चालतं कसं?

कर्नलकाका

बाळबोध अजिबात नाही. युजरकडे परतताना ट्रॅम्पोलिनमध्ये पेज टेबल बदलतात, तिथे आधी आणि नंतर एसफेन्स-व्हीएमए ही टीएलबी साफ करणारी सूचना आहे. म्हणजे परतीच्या प्रत्येक वाटेवर अख्खं टीएलबी साफ होतंच. सोपं, बरोबर आणि हळू. लिनक्स हे असं करत नाही, टीएलबीच्या नोंदींना अॅड्रेस स्पेसचा क्रमांक जोडून साफसफाई वाचवतो, आणि मग दुसऱ्या कोअरवरच्या जुन्या नोंदी काढायला अनेक प्रोसेसरांवर त्यांना इंटरप्ट पाठवावा लागतो. ते वाचायचं असेल तर आता लिनक्सचा कोड उघडायला हरकत नाही.

शंकासूर

उघडतो. उरलेलं अर्धं मतही मागे घेतलं.

निवडुंग

'फाइल' पास. 'युजरटेस्ट्स'ही शेवटपर्यंत गेल्या. पुढे लॉकचा स्वाध्याय: मोकळ्या पानांच्या एका यादीवर सगळे कोअर भांडतात, म्हणून प्रत्येक कोअरला आपली यादी द्यायची. त्याआधी पुस्तकातलं स्पिनलॉकचं प्रकरण पुन्हा वाचतोय. एक शंका आत्ताच: लॉक घेताना एक्सव्ही६ त्या कोअरवरचे इंटरप्ट का बंद करतं?

सातपुडा

उनाड_पोर, याचं उत्तर तू दे. 'टिक्सलॉक' कोण कोण घेतं ते शोध.

उनाड_पोर

शोधलं सर. स्लीप सिस्टम कॉल घेतो आणि टायमरचा इंटरप्ट हँडलरपण घेतो. स्लीपने लॉक घेतलेला असताना त्याच कोअरवर टायमर वाजला तर हँडलर लॉकसाठी फिरत बसणार, आणि लॉक सोडणारा तर त्याच्याच खाली दबलेला. कायमचं गोठलं.

ओरलला हे विचारतील का?